नोंद कुणाच्या कामाची?



बाळंतिणीला सव्वा महिना जपायची आपल्याकडे रीत आहे. त्यानंतर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. बाई कशी आहे, हे मग कुणी विचारत नाही. अमेरिकेतला एक अभ्यास वाचताना मला हेच आठवत राहिलं.

अफूच्या जातीची वेदनाशामक औषधं, हेरॉईन, फेंटानिल यांच्या अतिसेवनाने तिथे हजारो माणसं मेली आहेत. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१५ साली कायदा केला आणि इस्पितळं, रुग्णवाहिका, औषधविक्री, जन्ममृत्यू, तुरुंग अशा वेगवेगळ्या दप्तरांतल्या नोंदी, नावं काढून, एकत्र जोडल्या. त्यांतून २०१२ ते २०१४ मधली पावणेदोन लाखांहून जास्त बाळंतपणं तपासली गेली. ४,१५४ बायांच्या नोंदींत या व्यसनाच्या खुणा होत्या.

२०१८ साली निष्कर्ष छापून आले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अतिसेवनाच्या घटना सर्वांत कमी होत्या. बाळ सात ते बारा महिन्यांचं असताना सर्वांत जास्त, साडेतीन पटींहून अधिक! मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार चालू होते, त्या बायांत हे प्रमाण कमी होतं.

म्हणजे ‘व्यसनी बाईला पोराची पर्वा नसते’ हा शिक्का खोटा ठरतो. पोटात मूल असताना ती स्वतःला सावरते. पण काही काळ नशा सुटली की शरीराची सवय मोडते, आणि पुन्हा घेतलेलं जुनंच प्रमाण जीव घेऊ शकतं. तोवर बाळंतपणाची फाईल केव्हाच बंद झालेली असते. एकेकट्या केसपेपरवर हे कधीच दिसलं नसतं.

पण नोंदीची दुसरी बाजूही त्याच देशातली. चार्ल्सटन शहरातल्या एका सरकारी रुग्णालयाने १९८९ पासून गरोदर बायांची लघवी त्यांना न सांगता कोकेनसाठी तपासली आणि निकाल पोलिसांना दिले. बायांना अटका झाल्या, त्या जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय. हे घटनाबाह्य आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितलं. अशी धास्ती बसली की बाई दवाखान्याची पायरीच चढत नाही. मग जीव कुणाचा वाचणार?

म्हणून मला वाटतं, ‘नोंदी नकोत’ ही आपली मागणी असू शकत नाही. ज्याची नोंद नाही, ते बायांचं दुखणं सरकारला दिसतच नाही. पण नोंद उपचारासाठी हवी, शिक्षेसाठी नको. अभ्यासाला देताना नाव काढलेलं हवं. पोलिसांच्या आणि सासरच्या हाती ती पडता कामा नये.

आपल्याकडेही २०२१ पासून आभा क्रमांकाने आरोग्याच्या नोंदी जोडल्या जात आहेत. गर्भपात, एचआयव्ही, मारहाणीच्या जखमा, सगळं त्या कागदांत असतं. हे संमतीनेच होईल, असं सरकार म्हणतं. रांगेत ताटकळलेल्या बाईला कुणी खरंच विचारतं का? आपापल्या गटात हा विषय काढा, दवाखान्यात जाऊन पाहा, आणि काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.