मुलाचा ताबा आईकडे की बाबांकडे? त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे

ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा वडिलांकडे देण्याचा केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. वर्षभराच्या आत, १५ जुलै २०२५ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय मागे घेतला आणि मूल आईकडेच राहील असं सांगितलं.

मधल्या काळात ना आई बदलली होती, ना वडील. न्यायालयासमोर नव्यानं आले ते मानसशास्त्रज्ञांचे अहवाल. आईपासून दूर जावं लागणार, या भीतीनं मुलाची चिंता धोक्याच्या पातळीला गेली होती, असं त्यातून दिसलं. ताब्याचे आदेश काळ्या दगडावरची रेघ नसतात, मुलाच्या भल्यासाठी ते बदलावे लागतात, ही भूमिका न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठानं घेतली.

हा अहवाल आधीच आला असता तर? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्यात ताब्याचा खटला लढणाऱ्या आई-वडिलांसाठीही हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

कायदा काय म्हणतो?

मुलांच्या ताब्यासाठी प्रामुख्याने दोन कायदे लागतात. पालक आणि पाल्य कायदा, १८९० हा सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. हिंदू कुटुंबांसाठी त्याच्या जोडीला १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं, असं हा दुसरा कायदा सांगतो. मात्र शेवटचा निकष एकच : मुलाचं हित.

मुलं ही आई-वडिलांची मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितलं होतं. म्हणजे खटला दोन मोठ्या माणसांचा असला, तरी निकाल तिसऱ्यासाठी द्यायचा असतो. आणि त्या तिसऱ्याला वकील नसतो, त्याची बाजू मांडणारा अर्ज नसतो. मानसशास्त्रीय मूल्यांकन ही उणीव काही अंशी भरून काढतं.

मूल्यांकनात नेमकं काय करतात?

बऱ्याच पालकांना वाटतं की आपण 'वेडे' आहोत का हे तपासायला पाठवलंय. तसं नसतं. चांगल्या मूल्यांकनात चार-पाच गोष्टी होतात.

• आई आणि वडील, दोघांशी वेगवेगळं बोलणं.
• मुलाशी एकट्यानं बोलणं. लहान मुलांच्या बाबतीत खेळ आणि चित्रांची मदत घेतली जाते.
• मूल आईसोबत कसं वागतं आणि वडिलांसोबत कसं, हे प्रत्यक्ष बघणं.
• घर, शाळा, शिक्षक, आजी-आजोबा यांच्याकडून माहिती घेणं.
• गरज असेल तर मानसशास्त्रीय चाचण्या.

यातून शोधायचं असतं ते साधं असतं. रात्री ताप आला तर मूल कुणाला हाक मारतं? दप्तर कोण भरतं? घरात मारहाण किंवा धमक्या आहेत का? दुसऱ्या पालकाबद्दल प्रेम दाखवायला मुलाला भीती वाटते का? 'चांगला पालक कोण' यापेक्षा 'या मुलाला आत्ता काय लागतं' हा प्रश्न इथे मोठा असतो. आठ महिन्यांच्या बाळाची गरज वेगळी आणि दहावीतल्या मुलीची वेगळी.

न्यायाधीश मुलाशी बोलतातच की, मग तज्ज्ञ कशाला?

मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायालय त्याची इच्छा विचारात घेऊ शकतं, ही तरतूद १८९० च्या कायद्यातच आहे. अनेक न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात बोलावून बोलतात. पण ती भेट थोड्या वेळाची असते. त्या दिवशी मूल ज्याच्यासोबत आलेलं असतं, त्याची छाया बोलण्यावर पडू शकते.

शिवाय 'आई हवी की बाबा?' हा थेट प्रश्न मुलासाठी शिक्षा ठरू शकतो. एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याशी फितुरी केल्यासारखं वाटतं. प्रशिक्षित माणूस हा प्रश्न टाळून, दोन-तीन भेटींत, मुलाच्या रोजच्या जगण्यातून उत्तर काढतो.

अहिल्यानगरमध्ये हे कसं होतं?

नगर शहरात कौटुंबिक न्यायालय आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार अशा न्यायालयाला विवाह समुपदेशक असतात. कलम १२ नुसार न्यायालय वैद्यकीय तज्ज्ञाची किंवा कुटुंबकल्याणाचं काम करणाऱ्या व्यक्तीची मदत घेऊ शकतं. घरचं वातावरण, आई-वडिलांचा स्वभाव आणि मुलाशी त्यांचं नातं यावर समुपदेशकाकडून अहवालही मागवता येतो.

पण हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा आहे : १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांहून जास्त लोक. अकोले तालुक्यातून नगरला यायचं म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास. कौटुंबिक न्यायालयाची हद्द जिथे संपते, तिथले खटले नेहमीच्या न्यायालयांत चालतात, आणि तिथे कौटुंबिक न्यायालयासारखा समुपदेशक नेमलेला नसतो.

मग तिथे मूल्यांकन होऊच शकत नाही का? होऊ शकतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीनं 'आदेश ३२-अ' आला. तो कौटुंबिक वादांसाठी आहे आणि त्यात मुलांच्या ताब्याचे दावेही येतात. त्याच्या नियम ४ नुसार साधं दिवाणी न्यायालयही कुटुंबकल्याणाचं काम करणाऱ्या तज्ज्ञाची मदत घेऊ शकतं. दार उघडं आहे, पण ते कुणीतरी ठोठवावं लागतं. पोटगी, दागिने आणि आरोप-प्रत्यारोपांनी भरलेल्या फाईलमध्ये 'मुलाचं मूल्यांकन करावं' असा एक पानाचा अर्ज मागे राहून जाऊ शकतो.

तज्ज्ञाला जिल्हा कळायला हवा

पाथर्डी, शेवगाव भागातली अनेक कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड हलतं, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं. मूल कधी कारखान्याच्या कोपीवर असतं, कधी गावात आजीकडे. शहरातल्या मोजपट्टीनं पाहिलं तर हे 'अस्थिर घर' वाटेल. प्रत्यक्षात त्या मुलाचा सगळ्यात पक्का आधार आजीच असू शकते. अशा वेळी अहवाल लिहिणाऱ्यानं आजीला भेटणं हा मूल्यांकनाचा गाभा असतो. गरिबी आणि हलगर्जीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अहवाल चुकू शकतो का?

हो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं ताब्याच्या मूल्यांकनासाठी १९९४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि पुढे ती सुधारली. एकाच बाजूला भेटून निष्कर्ष काढणारा, किंवा फक्त एका चाचणीवर विसंबणारा अहवाल कच्चा मानावा, हा साधा नियम कुठेही लागू पडतो.

दुसरा धोका 'मुलाचे कान भरले' या आरोपाचा. एक पालक मुलाला दुसऱ्याविरुद्ध उभं करतो, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात घेतली होती. असं घडतं. पण २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिलांवरील हिंसाचारविषयक विशेष प्रतिनिधींनी इशाराही दिला : हाच आरोप घरातली मारहाण झाकण्यासाठी वापरला जातो. मूल वडिलांना किंवा आईला टाळत असेल, तर ते शिकवल्यामुळे की घाबरल्यामुळे, हे आधी शोधावं लागतं.

म्हणून अहवाल म्हणजे निकाल नाही. न्यायाधीश तो इतर पुराव्यांसोबत तोलतात आणि पालकांना त्यावर आक्षेप घेता येतो.

समुपदेशकाला सांगितलेलं गुप्त राहतं का?

इथे अनेकांची गफलत होते. मध्यस्थीत तडजोडीसाठी झालेलं बोलणं गोपनीय असतं. पण ताब्याच्या वादात समुपदेशकानं मुलाबद्दल दिलेला अहवाल न्यायालय विचारात घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

आई-वडिलांनी काय करायचं?

१. वकिलांना पहिल्याच तारखांना विचारा : मूल्यांकनासाठी अर्ज करायचा का? तात्पुरता ताबाही महिनोन्‌महिने चालतो आणि तोवर मूल नव्या घरात, नव्या शाळेत रुळलेलं असतं.
२. मुलाला उत्तरं पढवू नका. पढवलेली वाक्यं मोठ्यांच्या भाषेत येतात आणि अनुभवी माणसाला ती ओळखू येतात.
३. लसीकरणाचं कार्ड, शाळेचे निकाल, दवाखान्याचे कागद जपून ठेवा. मुलाची काळजी कोण घेत होतं, हे त्यातून दिसतं.
४. तज्ज्ञ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी तपासा.
५. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन : १५१००.
६. मूल झोपत नसेल, जेवत नसेल, गप्प झालं असेल तर निकालाची वाट पाहू नका. टेली मानस १४४१६ वर मोफत बोलता येतं. मूल संकटात असेल तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

घटस्फोटानंतर नवरा-बायकोचं नातं संपतं, आई-बापाचं संपत नाही. दुसऱ्या पालकाला भेटण्याचा वार, शाळेच्या सुट्ट्या, फोनची वेळ हे सगळं पुढे अनेक वर्षं पाळायचं असतं. ते मुलाच्या गरजेवरून ठरलं असेल तर टिकतं. कोण जिंकलं यावरून ठरलं असेल, तर दोघं पुन्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटतात आणि मूल तोवर आणखी दोन इयत्ता पुढे गेलेलं असतं.