घर आणि विज्ञान : तलावाचे पाणी गढूळ का होते?

उन्हाळ्याची सुटी लागली की शाळांचे, क्रीडासंकुलांचे आणि अलीकडे मोठ्या गृहसंकुलांचेही पोहण्याचे तलाव मुलांनी गजबजून जातात. अशा वेळी एखाद्या सकाळी पाणी दुधाळ दिसले, तर थोडे क्लोरिन वाढविण्याची आज्ञा करून व्यवस्थापक मोकळे होतात. वाचकहो, आपण तेवढ्यावर समाधान मानू नये. गढूळ पाण्यात तळाशी गेलेले मूल काठावरून दिसत नाही, हा पहिला धोका; गाळाच्या कणांआड दडलेले जंतू क्लोरिनपासून बचावतात, हा दुसरा. तळावरील निचऱ्याची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.

वाळूने पाणी गाळण्याची विद्या जुनी आहे. १८९२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक बळी घेतले. त्याच एल्ब नदीचे पाणी पिणारे शेजारचे आल्टोना बऱ्याच अंशी वाचले, कारण तेथे पाणी वाळूतून गाळले जाई. त्या गाळणीतून पाणी संथपणे झिरपे आणि वाळूवरील जैविक थर जंतूंना अडवी. तलावाच्या गाळणीतून मात्र पाणी वेगाने जाते. ती मुख्यतः गाळ अडविते. जंतुनाशासाठी क्लोरिन हवेच.

या गाळणीची रचना सोपी आहे. बंद टाकीत सुमारे अर्धा मिलिमीटर दाण्याची वाळू असते. पंप पाणी वरून लोटतो आणि तळाच्या, बारीक फटी असलेल्या नळ्यांतून ते स्वच्छ होऊन तलावात परतते. गाळ साचत जातो तसा टाकीतील दाब वाढतो. म्हणून दाबमापक ही गाळणीची नाडीच समजावी. धुतलेल्या गाळणीचा दाब वहीत टिपून ठेवावा.

त्या दाबाहून काटा ८ ते १० पौंडांनी वर गेला, की पाणी उलट दिशेने सोडून वाळू धुवावी. पंप बंद केल्यावरच झडपेचा दांडा फिरवावा. पंप चालू असताना फिरविल्यास आतील रबरी पट्टी बिघडते आणि मग पाणी निचऱ्याच्या नळीतून सतत वाहू लागते. काचेतून दिसणारे पाणी निवळेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन मिनिटे, धुणे चालू ठेवावे. पुढे अर्धे-एक मिनिट खळबळण्याचे पाणीही बाहेर सोडावे, अन्यथा उरलेला मळ तलावात परततो. तथापि रोज धुण्याचा उत्साह नको. वाळूत थोडा गाळ असला तर अधिक बारीक कणही अडतात.

धुतल्यावर दाब लगेच पुन्हा चढत असेल, तर केसांच्या व अंगाच्या तेलाने किंवा जड पाण्यातील चुन्याने वाळूचे गठ्ठे झाले असण्याचा संभव आहे. ती साफ करावी किंवा बदलावी. मात्र पंप बंद होऊन दाब शून्यावर आल्याखेरीज झाकणाला हात लावू नये. उलट दाब नेहमीपेक्षा कमी असेल, तर दोष बहुधा पंपाच्या अलीकडे असतो : जाळीत पाने अडकलेली, तलावाची पातळी उतरलेली किंवा नळीत हवा शिरत असलेली.

तलावात वाळू येऊ लागली, तर तळाची एखादी नळी तुटली असावी; धुण्याने हा दोष जात नाही. दाब ठीक असूनही पाणी गढूळ राहिले, तर वाळूत पाण्याने चोरवाटा पाडल्या आहेत का, पंप पुरेसे तास चालतो का, आणि पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान आहे का, हे क्रमाने पाहावे.

वाचकहो, यंत्र दुरुस्त करणे हे कारागिराचे काम आहे. विचारणे हे पालकांचे. तलावाची वर्गणी भरताना वेळापत्रकाबरोबर दाबाची वहीही पाहण्यास मागावी. ज्या तलावावर अशी वही आहे आणि रोज भरली जाते, तेथे आपल्या मुलाची काळजी कोणीतरी वाहत आहे, असे समजण्यास हरकत नाही.