छात्राच्या मनातील शंका

सैनिकी शिक्षण घेणाऱ्या तरुणाच्या मनात शंका आली, की लोक त्याला लगेच भित्रा ठरवितात. मला हा न्याय वाटत नाही.

मुलांनो, अमेरिकेतील युलिसिस ग्रँटचेच पाहा. वडिलांच्या इच्छेखातर तो १८३९ साली वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयात दाखल झाला. सैनिकी जीवनाची त्याला मुळीच ओढ नव्हती. त्याच वर्षी ते विद्यालय बंद करण्याचा प्रस्ताव तेथील लोकसभेपुढे आला. त्यावरील चर्चा हा मुलगा वृत्तपत्रांत मोठ्या आशेने वाचीत असे! प्रस्ताव बारगळला. वर्षभराने मात्र विद्यालय बंद पडले असते तर आपल्याला वाईटच वाटले असते, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. तरीही गणिताचा अध्यापक व्हावे, हा विचार त्याच्या मनातून गेला नव्हता. पुढे १८६४ साली हाच ग्रँट यादवी युद्धात उत्तरेचा सरसेनापती झाला.

थकलेल्या पायांची कुरकुर कोणती आणि मनाचा खरा कल कोणता, हे एका रात्रीत कसे कळावे? ग्रँटला वर्ष लागले.

त्याच विद्यालयातून जेम्स व्हिसलरला १८५४ साली बाहेर पडावे लागले. रसायनशास्त्र त्याला जमले नाही. चित्रकलेत तो वर्गात पहिला होता. पुढच्याच वर्षी तो चित्रकला शिकण्यासाठी पॅरिसला गेला.