कारलं गोड करायला जाऊ नका

कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच, हे आपण नावं ठेवायला म्हणतो. कंपारीच्या बाटलीबद्दल मात्र तेच कौतुकाने म्हणावं लागतं. वनस्पती आणि फळांच्या अर्काची ही लालभडक इटालियन लिक्युअर पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करायला लावते. मग घरचे हौशी बारटेंडर घाबरून तिच्यावर साखरेचा पाक, नाहीतर कोला ओततात. मंडळी, कृपा करून तसं करू नका. तिला गोडाची जोड हवी हे खरं, पण तो गोडवा व्हिस्की आणि व्हर्मुथमधून येऊ द्या.

असं जमवून आणलेलं कॉकटेल म्हणजे बुलेव्हार्दिए. पॅरिसमध्ये याच नावाचं मासिक चालवणाऱ्या अर्स्किन ग्विन या अमेरिकन माणसाचं हे पेय. हॅरी मॅकएल्होन या पॅरिसमधल्याच बारमालकाच्या 1927 च्या पुस्तकात ते सापडतं, तेव्हा ग्विनच्या मायदेशी दारूबंदी होती. मूळ कृतीत तिन्ही दारू समसमान. मला त्यात व्हिस्की दबल्यासारखी वाटते, म्हणून मी 45 मिली बर्बन, 30 मिली कंपारी आणि 30 मिली लाल गोड व्हर्मुथ घेतो. बर्बन मुख्यतः मक्याची, आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरलेली, त्यामुळे तिला व्हॅनिलासारखी गोडी असते. धुरकट स्कॉच इथे भांडण काढते. आणि महागाची सिंगल माल्ट असेल तर ती नुसतीच प्या, यात घालू नका.

मोठ्या ग्लासात काठोकाठ बर्फ घेऊन लांब चमच्याने अर्धा मिनिट ढवळा. खळखळ हलवलं तर हवा शिरते आणि रंग गढूळ होतो. वितळलेलं पाणी हाही यातला एक घटकच, तेव्हा बर्फ चांगला हवा. सुरमईच्या डब्याशेजारी गोठलेला नको! शेवटी संत्र्याच्या सालीची पट्टी, आतला पांढरा भाग टाळून, ग्लासवर दुमडून पिळा. वर तेलाचा बारीक तवंग दिसला की झालं.

व्हर्मुथच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. उघडलेली बाटली अख्खा उन्हाळा शोकेसमध्ये व्हिस्कीशेजारी मिरवत ठेवली आणि पाहुण्यांना आंबूस, मेलेल्या चवीचा पेला दिला. व्हर्मुथ म्हणजे शेवटी वाईनच. छोटी बाटली आणा, उघडली की फ्रीजमध्ये ठेवा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा.

आता मापाचं. अंदाजपंचे ओतू नका, मेजर वापरा. व्हिस्की 42.8 टक्क्यांची, कंपारी 25 ची आणि व्हर्मुथ 16 ची धरली, तर एका ग्लासात साधारण 32 मिली शुद्ध अल्कोहोल जातं. त्याच व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये ते 13 मिली असतं. म्हणजे हा एवढासा ग्लास जवळजवळ अडीच पेगांचा, आणि कडूगोड चवीमुळे जिभेला त्याचा पत्ताही लागत नाही. महाराष्ट्रात 25 वर्षांखालच्यांना ही दारू कायद्यानेच नाही, त्यामुळे कॉलेजातल्या भाच्याचा हट्ट पुरवू नका. बाकीच्यांनाही एकेकच ग्लास द्या. आणि तो हातात देण्याआधी गाडीची किल्ली मागून घ्या.