प्रतिकृती आणि वास्तववाद

मिग-२१ हे लढाऊ विमान १९६३ ते २०२५ या काळात भारतीय हवाई दलात होते. नाशिकजवळ ओझरला त्याची बांधणीही झाली. १:७२ प्रमाणातील त्याची प्रतिकृती जेमतेम वीतभर भरते. तिला मूळ विमानाचाच रंग दिला, तर तो अधिक गडद भासतो. म्हणून अनेक जाणकार त्यात थोडा पांढरा मिसळतात. वास्तववाद म्हणजे तपशिलांची नक्कल, असे मानणाऱ्या समीक्षेने हा पांढरा ध्यानात घ्यावा, असे आम्हांस वाटते. मात्र पत्र्यांच्या सांध्यांत सोडलेला काळा रंग, शेपटीकडची काजळी ही झीज इतकी देखणी होते, की अपघातांत गेलेले वैमानिक आठवतही नाहीत. आकार लहान करताना मोल लहान होऊ नये, ही जबाबदारी प्रतिकृतीची, तशीच कथेचीही.