शिल्लक दगडांचा हिशेब

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले आणि कालांतराने हा विषय शाळा-महाविद्यालयांत स्थिरावला. ‘शाश्वत विकास’ या संज्ञेची व्याख्या आज बहुतेक विद्यार्थी बिनचूक लिहितात. परंतु व्याख्या पाठ होणे आणि जबाबदारीची जाणीव होणे यांत मोठे अंतर आहे. ते कमी करण्यास कलेचे साहाय्य होईल काय, याचा विचार शिक्षकांनी गांभीर्याने केला पाहिजे.

कला म्हटली की आपल्याला चित्रस्पर्धा आणि घोषवाक्ये आठवतात. जर्मनीतील कासेल शहरात योझेफ बॉइस या शिल्पकाराने १९८२ साली जे केले ते याहून निराळे होते. ‘डोकुमेंटा’ या कलाप्रदर्शनाच्या निमित्ताने त्याने संग्रहालयासमोर बेसाल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीत आढळतो त्याच जातीच्या पाषाणाचे, ७,००० स्तंभ आणून टाकले. अट एकच: शहरात एक झाड लागेल तेव्हाच ढिगातील एक दगड उचलावा व त्या झाडाशेजारी रोवावा. दर्शनी जागेतील हा ढीग अनेक नागरिकांना खुपला. तथापि तो हटवायचा तर झाडे लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. जानेवारी १९८६ मध्ये बॉइस निवर्तला. शेवटचे झाड त्याच्या मुलाने १९८७ साली लावले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा ढीग म्हणजे उघड्यावर मांडलेली खातेवहीच होय. देणे किती फिटले आणि बाकी किती, हे येणाऱ्या-जाणाऱ्यास ती रोज सांगत होती. आपल्याकडे नेमका बाकीचा रकाना कोरा राहतो. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला. लावलेल्या रोपांचे आकडे जाहीर झाले. जगली किती, यावरून मात्र पुढे वाद माजला आणि २०२१ मध्ये चौकशी समितीची घोषणा करावी लागली.

महाविद्यालयांतील वृक्षारोपणही पुष्कळदा याच वळणावर जाते. छायाचित्र निघते, अहवाल रवाना होतो आणि उन्हाळ्यात रोप वाळते. कला अभ्यासक्रमात आणायची ती हे देणे नजरेआड होऊ नये म्हणून. त्यासाठी मोठा खर्चही नको. जितकी रोपे लावायची तितके दगड प्रवेशद्वाराशी रचावेत आणि रोपाने दोन उन्हाळे काढल्यावरच एक दगड उचलावा. रोप मेले तर दगड तेथेच राहील. विद्यार्थी, प्राध्यापक व प्राचार्य या सर्वांनाच त्याला वळसा घालून आत जावे लागेल. अशा ढिगाला गुण कसे द्यावेत, असा आक्षेप निघेल. तो खरा आहे. परंतु गुणपत्रिकेत न मावणारे काही शिकविणे हेही शिक्षणसंस्थेचेच काम नव्हे काय?