‘सापडला नाही’ या वाक्याचे वाचन

भद्रावतीला रेल्वेने जाणाऱ्यास ‘भांदक’चे तिकीट काढावे लागते. गाव भद्रावती, तालुका भद्रावती. स्थानकावरची पाटी मात्र भांदक. तेथील आयुधनिर्माणी अजून ‘चांदा’ हेच नाव लावते, आणि चांदा जिल्ह्याचा चंद्रपूर झाला तो १९६४च्या सुमारास. रेल्वेच्या यादीत ‘भद्रावती’ शोधणारा प्रवासी कर्नाटकात, शिवमोग्गा जिल्ह्यातल्या भद्रावतीला जाऊन पोचेल. यावरून विदर्भातले हे गाव रेल्वेमार्गावर नाही असा निष्कर्ष कोणी काढला, तर यादी नीट वाच एवढेच आपण त्याला सांगू. संगणकापुढे बसल्यावर मात्र याच जातीचा निष्कर्ष आपण, आणि त्यातही साहित्याचे अध्यापक, विनातक्रार मान्य करतो. प्रस्तुत लेखाचा रोख या मान्यतेवर आहे.

प्रश्न कोणता ते आधी सांगितले पाहिजे. जुन्या मराठी पुस्तकांच्या छायापानांतून मजकूर काढू पाहणाऱ्यास ‘टेसरॅक्ट’ हे अक्षर ओळखणारे सॉफ्टवेअर भेटतेच. ते २००५ साली सर्वांसाठी खुले झाले आणि मराठीसाठीही त्यात सोय आहे. नवी आवृत्ती हवी असेल, किंवा त्यात काही फेरफार करायचे असतील, तर ते मूळ संहितेपासून स्वतः बांधावे लागते. माणसाने लिहिलेल्या संहितेचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो तो कंपायलर. कोणता कंपायलर वापरायचा, तो कोठे आहे, त्याला काय काय येते, याची चौकशी करून बांधणीची तयारी करणारे साधन वेगळे असते. ‘सीमेक’ हे त्यांपैकी एक. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या पाठबळावर चाललेल्या एका प्रकल्पासाठी किटवेअर या कंपनीने ते २००० साली तयार केले, आणि आज ते जगभर वापरात आहे.

हे साधन अद्ययावत केले की पुष्कळदा एक चमत्कार घडतो. कालपर्यंत चाललेली बांधणी आज थांबते आणि पडद्यावर उमटते : कंपायलर सापडला नाही. कंपायलर तर जागच्या जागी असतो. अशा वेळी दोन सल्ले मिळतात. तंत्रज्ञ म्हणतो, ‘सगळे पुसा आणि नव्याने बसवा.’ विभागातले ज्येष्ठ म्हणतात, ‘हे तांत्रिक आहे, आपले काम नव्हे.’ आम्हांला हे दोन्ही सल्ले एकाच आळसाची दोन रूपे वाटतात. पडद्यावर जे लिहून आले ते दोघांनीही वाचलेले नसते.

ते वाचले तर काय दिसते? कंपायलरसंबंधी हे साधन निदान तीन वेगळी विधाने करते. पहिले : कंपायलर सापडला नाही. दुसरे : सापडला, पण तो कोणता हे ओळखता आले नाही. तिसरे : सापडला, पण एक साधा चाचणी-कार्यक्रमही त्याला बांधता आला नाही. ‘नाही’, ‘ओळखत नाही’ आणि ‘चालत नाही’ ही तीन विधाने एकच आहेत असे मराठीचा कोणता अध्यापक वर्गात म्हणेल? हस्तलिखित संग्रहात नसणे, असूनही त्याचा कर्ता निश्चित न होणे आणि कर्ता ठाऊक असूनही पान वाचता न येणे यांत आपण कसोशीने भेद करतो. तीच माणसे येथे तिन्ही वाक्यांवर ‘एरर आली’ असा एकच शिक्का मारतात.

चौथी शक्यता या तिन्हींहून अधिक घातक, कारण तीत कोणतीच तक्रार उमटत नाही : साधनाला दुसराच कंपायलर सापडतो. यंत्रावर जुना आणि नवा असे दोन कंपायलर असले आणि शोधाच्या वाटेवर जुना आधी लागला, तर तोच उचलला जातो. टेसरॅक्टच्या पाचव्या आवृत्तीला सी प्लस प्लसचे २०१७चे प्रमाण जाणणारा कंपायलर लागतो. जुना कंपायलर मध्यावर कोठेतरी अडखळतो आणि दोष टेसरॅक्टच्या माथी येतो. शिवमोग्ग्याला उतरून चंद्रपूरच्या लेण्यांचा पत्ता विचारण्यासारखाच हा प्रकार.

अद्ययावत केल्यावरच हे का घडते, याचे कारणही गूढ नाही. सीमेक पहिल्या खेपेस कंपायलरची ओळख पटवते आणि ती नोंदून ठेवते. कंपायलरचा पत्ता ‘कॅश’ नावाच्या स्मरणनोंदीत जातो; त्याच्या ओळखीचा तपशील सीमेकच्या आवृत्तीचा क्रमांक नाव म्हणून लावलेल्या फोल्डरमध्ये जातो. आवृत्ती बदलली की त्या क्रमांकाचे फोल्डर नसते, म्हणून ओळखपरेड पुन्हा भरते. पत्ता मात्र जुन्या नोंदीतला घेतला जातो. मधल्या काळात संगणकाच्या प्रणालीने कंपायलरही बदलला असेल तर त्या पत्त्यावर कोणी राहत नाही. नवा अधिकारी जुनी मतदारयादी घेऊन दारोदार फिरतो आहे, एवढाच याचा अर्थ.

ओळखपरेडीची रीतही पाहण्यासारखी आहे. सीमेक एक छोटी संहिता लिहून कंपायलरकडे देते आणि तयार झालेल्या फाइलीत ठरावीक खूण शोधते. ती खूण कंपायलरचे नाव सांगते. हे नाव कंपायलर स्वतःच स्वतःविषयी करत असलेल्या विधानांवरून ठरते, आणि अशी विधाने नेहमी सरळ नसतात. क्लँग हा कंपायलर जीसीसीसाठी लिहिलेल्या संहिता चालाव्यात म्हणून जीसीसीची खूणही मिरवतो. म्हणून क्लँग आहे काय हे आधी विचारावे लागते आणि जीसीसी आहे काय हे नंतर. अ‍ॅपलच्या यंत्रांवर ‘जीसीसी’ या नावाने हाक मारली तर ओ देतो तो क्लँगच. ‘तुका म्हणे’ अशी मुद्रा असलेला प्रत्येक अभंग तुकोबांचा नव्हे, हे ज्यांनी गाथेच्या निमित्ताने शिकले आणि शिकवले, त्यांना ही अडचण परकी वाटण्याचे कारण काय?

आणखी एक उदाहरण. जून २०१४ मध्ये आलेल्या सीमेकच्या ३.० या आवृत्तीने अ‍ॅपलच्या क्लँगला ‘अ‍ॅपलक्लँग’ असे स्वतंत्र नाव दिले. त्याआधी तो नुसता ‘क्लँग’ होता. कंपायलर तोच, यंत्र तेच. पण ‘क्लँग असेल तर अमुक करा’ अशी अट घातलेल्या संहितांना तो ओळखू येईना. जुने नाव चालू ठेवण्याची एक सवलत होती, ती मार्च २०२५ मध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. जे प्रकल्प ३.५पूर्वीच्या आवृत्तीशी सुसंगती मागतात त्यांनाही ही आवृत्ती दारातूनच परत पाठवते. अशा ठिकाणी कंपायलर शंभर वेळा नव्याने बसवला तरी उपयोग नाही, कारण बिघाड नावात आणि करारात आहे. ‘सगळे पुसा’ हा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो; क्वचित काम झालेच तर ते कशामुळे झाले हे कोणालाच कळत नाही, आणि पुढल्या आवृत्तीला तोच खेळ पुन्हा सुरू होतो.

भांदकच्याच इतिहासात या विषयाचे धडे आहेत. नागपूरच्या संग्रहालयातला भवदेव रणकेसरीचा शिलालेख दीर्घकाळ भांदकचा म्हणून उल्लेखिला जात असे. वा. वि. मिराशी यांनी तो मूळचा छत्तीसगडातल्या आरंगचा असल्याचे प्रतिपादन केले. दगड होता तोच. बदलली ती त्याच्या स्थळाची नोंद. भांदकचा म्हणून ख्यात असलेला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४चा ताम्रपट वि. सी. सुखठणकरांनी संपादिला, आणि तेच पुढे भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. नोंद आणि वस्तू यांत फरक करणे, मुद्रा आणि कर्ता यांत फरक करणे, पाठभेद कोठे शिरला ते शोधणे ही आपल्या विद्येची कमाई आहे. ती पुस्तकाच्या पानापुरतीच राखून ठेवावी असे कोणत्याही आचार्याने सांगितलेले नाही.

ही रीत येथे लावायची म्हणजे काय करायचे? प्रथम संदेश पहिल्या ओळीपासून वाचावा. शेवटची ओळ बहुधा परिणाम सांगते, कारण वर असते. सीमेकने केलेल्या चाचण्यांची तपशीलवार नोंदवही बांधणीच्या फोल्डरातच असते, ३.२६ या आवृत्तीपासून ती एकाच फाइलीत एकत्र मिळते. मग कंपायलरला थेट हाक मारून त्याची आवृत्ती विचारावी. त्याने उत्तर दिले तर तो ‘नाही’ हे विधान तेथेच खोटे ठरले. पुढे स्मरणनोंदीतला पत्ता आणि प्रत्यक्ष पत्ता ताडून पाहावा. जुळत नसेल तर बांधणीचे फोल्डर तेवढे काढावे. मूळ संहितेला हात लावू नये. ३.२४पासून तर जुनी नोंद टाकून नव्याने आरंभ करण्याची आज्ञाच आहे. हवा तो कंपायलर आपण नावानिशी सांगू शकतो, पण ते पहिल्याच खेपेस सांगावे लागते; एकदा नोंद झाली की सीमेक नोंदीवर विसंबते. इतके करूनही अडले तर नव्या आवृत्तीचे बदलपत्रक वाचावे. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती प्रती ताडून. ग्रंथ पुसून त्यांनी नवा लिहिला नाही.

यावर आक्षेप येईल की ही तुलना म्हणजे निव्वळ कोटी आहे. कंपायलरला अर्थ नसतो, रस नसतो, कविता आणि संहिता यांना एका तागडीत कसे घालता? आम्ही घातलेले नाही. दोहोंचा अर्थ एक आहे असे आमचे म्हणणे नाही. पुरावा तपासण्याची शिस्त एक आहे, एवढेच म्हणणे आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. तो खरा आहे; परंतु दर आवृत्तीला दोन दिवस तंत्रज्ञाची वाट पाहण्यात जाणारा वेळ कोणाच्या हिशेबात धरायचा? शिवाय तंत्रज्ञाला मराठी पानातला ‘ऱ्य’ बिघडला की नाही हे कळत नाही, आणि आपण त्याच्या नोंदवहीकडे पाहत नाही. मधल्या मध्ये पुस्तक अडकून पडते.

खरी हानी येथे आहे. जो विद्यार्थी यंत्राच्या ‘नाही’पुढे मान तुकवायला शिकतो, तो उद्या ग्रंथालयाच्या सूचीतल्या ‘उपलब्ध नाही’पुढे आणि इतिहासग्रंथातल्या ‘पुरावा नाही’पुढेही मान तुकवील. नकारार्थी विधानाला ‘कोणी शोधले, कोठे शोधले, कोणत्या नावाने शोधले’ असे तीन प्रश्न विचारणे हा आपल्या अभ्यासाचा पाया आहे. पाठचिकित्सेच्या अभ्यासक्रमात एक तास अशा नोंदवहीच्या वाचनाला द्यावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. त्यासाठी नवे पद नको, अनुदान नको. वाचता येणारा अध्यापक पुरे. तो आपल्याकडे नाही असे जर कोणी म्हणत असेल, तर त्या ‘नाही’लाही हेच तीन प्रश्न विचारावे लागतील.